थेकेरा, आमसूल आणि परळचा बाजार



आमच्या परळमध्ये आता काय मिळत नाही, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर सुचत नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आले आणि मॉलच्या तळमजल्यावर किराण्याची थंडगार दुकानं आली. तिथे इटलीचं ऑलिव्ह तेल मिळतं. थायलंडचा माशांचा सॉस मिळतो, जपानची समुद्रशेवाळाची सुकी पानं मिळतात, कोरियाच्या झणझणीत नूडल्स तर शाळेतली पोरं दप्तरातून नेतात. माझ्या लहानपणी यातली एखादी वस्तू हवी असली तर क्रॉफर्ड मार्केट गाठावं लागे. तिथल्या ठरावीक गाळ्यांवर परदेशी चीजचे डबे, चॉकलेटं, बाटलीतली ऑलिव्हची फळं मांडलेली असत. ती कुठून आली हे विचारायचं नाही आणि दुकानदारानं सांगायचं नाही, असा एक अलिखित करार होता. पुढे १९९१ नंतर दारं हळूहळू उघडली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उरलेल्या ७१५ वस्तूंवरूनही उठले आणि बाहेरचा खाऊ राजरोस दुकानात आला.

त्या पाकिटांच्या पाठीमागे एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. ती चिठ्ठी नसेल तर पाकीट कितीही देखणं असो, मी परत ठेवते. ही सवय तुम्हीही लावून घ्या, एवढं सांगून मी परदेशी मालाचा विषय बाजूला ठेवते. कारण मला आज बोलायचं आहे ते आपल्याच देशातल्या, पण आपल्या गल्लीत न मिळणाऱ्या वस्तूंबद्दल. जपानची शेवाळाची पानं मॉलमध्ये हाताला लागतात. पण त्याच दुकानात जाऊन 'थेकेरा आहे का?' असं विचारून पाहा. विक्रेता मुलगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

थेकेरा हा शब्द मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हता.

परळ हा दवाखान्यांचा भाग. केईएम आहे, वाडिया आहे आणि १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा रुग्णालय आहे. टाटामध्ये देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. उपचार महिनोन् महिने चालतात. मग कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतं, कुणी आसपासच्या इमारतींतून खोली भाड्यानं घेतं. आमच्या मजल्यावरची एक खोली अशीच कायम भाड्यानं जाते. गेली कित्येक वर्षं त्या दारातून येणारे फोडणीचे वास बदलत असतात. कधी मोहरीचं तेल, कधी खोबरेल, कधी हिंग आणि तूप. मी बँकेतून निवृत्त झाले आहे, दुपारी घरी असते, त्यामुळे वासावरून पाहुणे कुठले हे ओळखायचा मला नाद लागला आहे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तिथे आसामातून बाप-लेक आले. नगाव जिल्ह्यातले. वडील पासष्टीच्या घरातले, निवृत्त मास्तर. मुलगी तिशीची, तीही शाळेत शिकवणारी, बिनपगारी रजा टाकून आलेली. दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा फेऱ्या औषधांच्या व्हायच्या होत्या. मुलगी मला पहिल्याच दिवशी 'माही' म्हणाली. माही म्हणजे मावशी. आमची बोलणी तिच्या हिंदीत आणि माझ्या हिंदीत होत. दोघींचीही हिंदी बेताचीच, त्यामुळे एकमेकींच्या चुका कुणी काढल्या नाहीत.

दुसऱ्या फेरीनंतर मास्तरांचं जेवण तुटलं. ज्यांच्या घरात हे आजारपण येऊन गेलं आहे त्यांना हे सांगायला नको. औषधानं तोंडाची चव जाते, धातू चाटल्यासारखं लागतं, ओळखीच्या पदार्थाचाही वास सहन होत नाही. मग अनोळखी पदार्थाचं काय? खानावळीतला डबा उघडला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. वजन फार उतरलं तर पुढची फेरी लांबू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे 'काय खाल?' हा प्रश्न साधा राहिला नव्हता. त्यांचं उत्तर रोज एकच असे. खार आणि टेंगा.

आसामी जेवणाची सुरुवात खारानं होते आणि शेवट टेंगानं. खार म्हणजे केळीची साल वाळवून, जाळून, तिच्या राखेतून गाळलेलं पाणी. ते घालून केलेल्या पदार्थालाही खारच म्हणतात. कच्च्या पपईचा खार हा त्यातला नेहमीचा. आसामी माणसं स्वतःला थट्टेनं आणि अभिमानानंही 'खारखोवा' म्हणवतात, म्हणजे खार खाणारे. टेंगा म्हणजे आंबट. माशाचं पातळ, आंबट कालवण, त्यात मसाले जवळजवळ नाहीतच. आंबटपणासाठी टोमॅटो, लिंबू चालतं. पण मास्तरांच्या घरी थेकेरा घालत. थेकेरा हे फळ. त्याच्या चकत्या वाळवून वर्षभर ठेवतात.

मुलगी शहाणी. तिनं सगळ्या वस्तूंची यादी केली आणि आधी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेली. त्यांनी प्रत्येक नावापुढे खूण केली. ताजा, नीट शिजवलेला मासा चालेल. भात चालेल. तोंडात फोड नसतील त्या दिवसांत आंबट चालेल. बाटलीत आंबवलेले बांबूचे कोंब नकोत, घरचं लोणचं नको, कच्चं काही नको. आणि खारापुढे फुली. सध्या नको, औषधं संपल्यावर विचारा. ही यादी हातात आल्यावर मी म्हटलं, आता शोधायला निघू या. आजारी माणसासाठी एखादा पदार्थ शोधायचा असेल तर बाजाराच्या आधी ही पायरी असते. कुणी ती गाळू नये.

पहिला प्रश्न थेकेराचा. तिच्या मोबाईलवर तिनं मला चित्र दाखवलं. मोठं, पिवळसर, गोल फळ. त्याच्या वाळवलेल्या काळपट चकत्या. चित्राखाली शास्त्रीय नाव होतं, त्यातला पहिला शब्द गार्सिनिया. आता मी सावंतवाडीकडची. आमच्या रातांब्याचं, म्हणजे ज्याचं आमसूल होतं त्या फळाचं, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेलं ते एकच शास्त्रीय नाव माझ्या लक्षात आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि बरणीतली चार आमसुलं तिच्या हातावर ठेवली. तिनं वास घेतला, एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. म्हणाली, "माही, हे थेकेराचं भावंड आहे."

तिला तिसरंही भावंड भेटवावं म्हणून मी तिला माटुंग्याला नेलं. परळहून माटुंगा ते काय, लोकलची दोन स्टेशनं. पण स्टेशनाबाहेर पडलं की बाजाराची भाषाच बदलते. फुलवाल्यांकडे मोगऱ्याचे घट्ट गजरे, केळीची पानं, कॉफी दळल्याचा वास. १९२३ पासूनचं आस्तिक समाजाचं मंदिर तिथे आहे आणि त्या परिसरात केरळी-तमिळ सामानाची दुकानं आहेत. तिथे मी कुडमपुळी मागितली. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती धुरावलेली, काळीकुट्ट, सुरकुतलेली सालं. तीही गार्सिनियाच. कोकणात आमसूल, केरळात कुडमपुळी, आसामात थेकेरा. तिन्ही मुलखांत धो धो पाऊस आणि मुबलक मासे. आणि माशाला आंबट करायला तिन्हीकडे त्याच कुळातलं फळ. पुस्तकात वाचलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेले असते. दुकानाच्या फळीपाशी दोन्ही साली शेजारी शेजारी ठेवून, वास घेऊन कळलं ते वेगळं.

कुडमपुळी तिनं नाकाशी नेली आणि परत ठेवली. धुराचा वास मास्तरांना सोसला नसता. आमसूलच बरं, पण त्याचा लाल रंग त्यांना चालेना. टेंगा फिकट असायचा. त्यावर तिनंच तोड काढली. आमसुलं कोमट पाण्यात थोडा वेळच भिजवून काढायची आणि ते पाणी अगदी शेवटी घालायचं. कालवण गुलाबी झालं खरं, पण लाल नाही.

माटुंग्यात आम्हाला आणखी एक लाभ झाला. केळीच्या खोडाचा आतला पांढरा गाभा. आसामात त्याची भाजी करतात आणि तमिळ घरांतही करतात. आमच्याकडे केळफुलाची भाजी होते, पण गाभा बाजारात शोधूनही दिसत नाही. माटुंग्यात तो चक्क टोपलीत उभा होता. आसामची वस्तू तमिळ दुकानात मिळावी, हे दुकानावरच्या पाटीवरून कळण्यासारखं नाही. म्हणून मी नंतरनंतर 'आसामी सामान कुठे मिळेल?' असं विचारणं सोडलं आणि 'ही वस्तू आणखी कोण खातं?' असं विचारायला लागले. त्यानं निम्मा शोध सोपा झाला.

मोहरीचं तेल ही फारशी अडचण नव्हती. उत्तरेकडची माणसं राहतात त्या प्रत्येक वस्तीत ते असतं. फक्त सुटं घेऊ नका. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली होती आणि त्यातून जलोदरासारख्या सुजेनं माणसं दगावली होती. बंद, शिक्क्याची बाटलीच घ्यावी.

तांदळाची गोष्ट जरा नाजूक. आसामातला जोहा हा बारीक, सुवासिक तांदूळ. तो मुंबईत दुकानात मला मिळाला नाही. मी तिला लालबागच्या वाण्याकडून आंबेमोहर आणून दिला. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, दोघंही सुवासिक, पण वास निराळे. आंबेमोहराला आंब्याच्या मोहराचा वास, म्हणून तर ते नाव. मास्तरांनी पहिल्या दिवशी घास घेतला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगला आहे. आपला नाही." पण मऊ भात खाल्ला. पुढे तिनं मोबाईलवरून जोहा मागवला, तो आठ दिवसांनी आला. घरपोच मिळण्याची ही सोय चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मात्र पाकिटावरची भरल्याची तारीख पाहावी. सुवासिक तांदळाचा वास पडून राहिला की उडतो, आणि मग ज्यासाठी मागवला तेच हरवतं.

गंमत झाली ती चिकट तांदळाची. बोरा साऊळ नावाचा चिकट तांदूळ बिहूच्या पिठ्यासाठी लागतो. एप्रिलचा बोहाग बिहू जवळ आला होता आणि मुलीला वडिलांना पिठा करून घालायचा होता. बोरा साऊळ कुठेच मिळेना. शेवटी मीच तिला मॉलमध्ये नेलं. परदेशी मालाच्या फळीवर थायलंडचा चिकट तांदूळ होता, पाठीमागे ती पांढरी चिठ्ठी लावलेला. तिनं पाकीट उजेडात धरलं. दाणा पाहून म्हणाली, "आमच्याकडच्यासारखाच, दुधी." आपल्या देशातला तांदूळ परळमध्ये मिळाला नाही आणि बँकॉकचा मिळाला. याला काय म्हणावं, मला अजून उमगलेलं नाही. थाई रेस्टॉरंटांना तो लागतो, खपतो, म्हणून कुणीतरी आणतं. बोरा साऊळ मागणारं परळमध्ये त्या दिवशी एकच माणूस होतं.

पिठा झाला. तिनं मला वाटीभर तिळाचा आणि गुळाचा पिठा आणून दिला. जरा जास्तच चिकट होता, असं तिचं मत. मला काही फरक कळला नाही.

आता मासे. परळच्या बाजारातल्या कोळणी माझ्या ओळखीच्या. पण टेंगा होतो रोहूचा, गोड्या पाण्यातल्या माशाचा. रोहूचं नाव काढताच माझी नेहमीची कोळीण म्हणाली, "ताई, त्या गोड्या पान्याच्या मासलीला काय चव हाय? पापलेट घे, बोंबील घे." मी आजारी माणसाची गोष्ट सांगितली. तेव्हा तिनं हात कमरेवर ठेवून जरा विचार केला आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "त्या कोपऱ्यावरच्या बंगाल्याकडं बघ. माझं नाव सांग, शिला देनार नाय." तिथे एक माणूस पायाखाली विळी धरून रोहू-कटल्याचे गोल तुकडे करत बसला होता. मासे उजनीच्या धरणातले, नाहीतर आंध्रातून बर्फात आलेले. मुलगी त्याच्याशी आसामी बोलली, तो बंगालीत बोलला आणि दोघांना एकमेकांचं कळलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हिंदीशिवाय तिचं काम झालं असावं. ती परत येताना पिशवी हलवत चालत होती. त्यानंतर तिनं मासे आणायला मला सोबत नेलं नाही.

खास आसामी वस्तूंसाठी आम्ही दोन ठिकाणं पाहिली. एक, वाशी. स्टेशनाजवळ वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत, त्यांत आसाम भवन आहे. उपचारांसाठी आलेली आसामची माणसं तिथे उतरतात आणि तिथल्या भोजनगृहात आसामी थाळी मिळते. दुकान म्हणावं असं तिथे आम्हाला काही लागलं नाही, पण जेवणाच्या टेबलावर तिला तिच्या जिल्ह्यातली एक बाई भेटली. त्या बाईचा दीर पुढच्या आठवड्यात गुवाहाटीहून गाडीनं येणार होता. कुर्ला टर्मिनसला येणारी ती गाडी दोन दिवसांहून अधिक चालते. त्या दिराच्या पिशवीतून अस्सल थेकेरा आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूठभर चकत्या. त्या दिवशी मास्तरांनी भात दोनदा मागून घेतला, हे मला मुलीनं दारात येऊन सांगितलं आणि लगेच आत गेली.

दुसरं ठिकाण कलिना. त्या बाजूला ईशान्येकडची बरीच मुलंमुली राहतात, नोकऱ्या करतात आणि त्यांच्यासाठी छोटी दुकानं आहेत. सुकी मासळी, बांबूचे कोंब, ती प्रसिद्ध जहाल मिरची असं सगळं. दुकानातला मुलगा मिझोरमचा होता. मुलीनं कलाखार, म्हणजे केळीचा खार मागितला, तर तो हसून म्हणाला की, आमच्याकडेही राखेचं पाणी असतं, पण तुमचं वेगळं. आपण इथे बसून 'ईशान्य भारत' असं एका दमात म्हणतो. त्या दुकानात उभं राहिलं की कळतं, मिझो, नागा, मणिपुरी आणि आसामी चुली एकमेकींपासून तितक्याच वेगळ्या आहेत, जितक्या मालवणी आणि वऱ्हाडी.

नावांच्या घोळाचाही एक मासला सांगते. आसामात ओ-टेंगा नावाचं मोठं हिरवं फळ माशात आणि डाळीत घालतात. त्याचं झाड आपल्याकडेही आहे, मराठीत मोठा करमळ म्हणतात. मी दादरला रानमेवा विकणाऱ्या बाईकडे करमळ मागितलं. तिनं पाच धारांचं पिवळं फळ काढून दिलं, ज्याला बरेच जण कर्मर म्हणतात, कापल्यावर चांदणीसारखं दिसतं ते. आंबट आहे, आसामातही खातात, पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. मास्तरांच्या यादीत ते नव्हतंच, तेव्हा मी ते टोपलीत परत ठेवलं आणि बाईला मोबाईलवरचं चित्र दाखवलं. "हां, हे होय! हे रानात पडतं, बाई. हे कोन खातं?" एका नावाची दोन फळं आणि एका फळाची चार नावं. म्हणून हातात नमुना नाहीतर चित्र असावं.

राहिला खार. मे महिन्यात सहावी फेरी संपली. रक्ताचे अहवाल पाहून आहारतज्ज्ञ बाईंनी फुली काढली आणि दिवसाआड एक चमचा चालेल, असं लिहून दिलं. मुलगी कागद घेऊन थेट माझ्याकडे आली. आता खार आणायचा कुठून? घाईच्या वेळी आसामातही खाण्याचा सोडा वापरतात, असं तिनं सांगितलं. माझ्याकडे पापडखार होता. पण चार महिने ज्याची वाट पाहिली, त्याच्या जागी सोडा घालायला तिचं मन होईना.

तिथे खार होतो भीमकल नावाच्या जाड सालीच्या, बियांच्या केळ्याचा. ते केळं इथे नाही. आम्ही पुन्हा माटुंगा गाठलं. केळ्याचे वेफर्स तळणाऱ्या दुकानांत नेंद्रन केळ्यांच्या कच्च्या सालींचे ढीग पडतात. एका दुकानदाराकडे साली मागितल्या. त्यानं विचारलं, "घरी गाय आहे का?" मी म्हटलं, "नाही, पाहुणे आहेत." त्यानं दोन पिशव्या भरून फुकट दिल्या.

साली आमच्या गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात वाळत घातल्या. तीन दिवसांत काळ्या, कडक झाल्या. चौथ्या दिवशी पहाटे, सोसायटीची मंडळी उठायच्या आत, पत्र्याच्या डब्यात त्या पेटवल्या. धूर झालाच. सेक्रेटरी बनियनवर वर आले. त्यांना वाटलं कुणी कचरा जाळतंय. मुलीनं तिच्या हिंदीत सगळं सांगितलं. ते थोडा वेळ डब्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "माझी आजी केसांना शिकेकाईआधी राखेचं पाणी लावायची." मग खाली जाऊन त्यांनी वॉचमनला सांगितलं, कुणी तक्रार केली तर माझ्याकडे पाठव.

राख अगदीच थोडी निघाली, दोन पिशव्यांची मिळून जेमतेम दोन वाट्या. नारळाच्या करवंटीला भोकं पाडून, तळाशी काथ्या बसवून, त्यात राख भरली आणि वरून पाणी ओतलं. खाली चहासारखं तपकिरी पाणी थेंब थेंब पडत राहिलं. मी बोट बुडवून चाटलं. गुळगुळीत, साबणासारखं, जिभेला जरा झोंबणारं. यासाठी माणूस चार महिने झुरतो, हे मला तेव्हा पटलं नव्हतं.

दुपारी कच्च्या पपईचा खार झाला. मोहरीचं तेल, थोडं आलं, मीठ आणि एक चमचा ते पाणी. मास्तरांनी मला जेवायला बोलावलं होतं. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच. पहिला घास खाराचा घेतला, हळूहळू चावला. आम्ही दोघी बघत होतो. ते म्हणाले, "भीमकलाचा नाही." आणि ताट पुढे सरकवून आणखी वाढ म्हणून खूण केली.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आत ती दोघं गावी गेली. पुढच्या तपासण्या गुवाहाटीच्या बरुआ कर्करोग संस्थेत व्हायच्या होत्या. ती संस्था २०१७ पासून टाटा स्मारक केंद्राचाच भाग आहे, त्यामुळे कागदपत्रं तिकडे पाठवणं सोपं गेलं. जाताना मुलीनं माझ्याकडून अर्धा किलो आमसुलं नेली. शाळेतल्या बाईंना टेंगा करून घालणार म्हणाली, कुणाला ओळखता येतं का बघायला. राहिलेला खार बाटलीत भरून माझ्याकडे ठेवून गेली. मी तो दोनदा वापरला, एकदा पपईत आणि एकदा मुगाच्या डाळीत. आमच्या घरी त्याला संमिश्र दाद मिळाली.

तिच्या यादीतली एक वस्तू मात्र मला शेवटपर्यंत मिळाली नाही. ढेकिया. नेच्याच्या कोवळ्या, टोकाशी गुंडाळलेल्या कोंबांची भाजी. कलिन्याच्या दुकानातला मुलगा म्हणाला होता की, कधीतरी कुणी विमानानं येताना आणतं, शनिवारी येऊन बघा. मी चार शनिवार गेले. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडच्या आदिवासी बायका वास्ते आणतात, टाकळा, कुरडू आणतात, त्यांनाही चित्र दाखवलं. एकीनं निरखून पाहिलं आणि सांगितलं की, असलं काहीतरी ओढ्याच्या काठाला उगवतं, पण आम्ही खात नाही. ओळख पटल्याशिवाय रानातली भाजी चुलीवर चढवायची नाही, त्यामुळे तिला मी आणायला सांगितलं नाही.

त्या खोलीत आता कटिहारचं कुटुंब उतरलं आहे. त्यांना सत्तू हवा होता. तो कोपऱ्यावरच्या गिरणीतच मिळतो, शिवाय समोर भाजून दळून देतात. फक्त सकाळी अकराच्या आत जावं लागतं.